अविनाश, ते वीस किलो नेमके कसे गेले?

(धावपटू अविनाश साबळे यांना खुले पत्र)

प्रिय अविनाश,



वयाच्या हिशेबानं मी तुम्हाला अरे-तुरे केलं असतं तरी चाललं असतं. कित्येक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बसायची ती पोरं आज तुमच्याच वयाची आहेत आणि रस्त्यात भेटली की अजून ‘बाई’ म्हणून वाकतात. पण आमच्याकडं फौजेतून सुट्टीवर आलेल्या पुतण्यालाही चारचौघांत अहो म्हणायची रीत आहे. तीच इथं पाळते.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं, तुमच्या आष्टीच्या शिवेलगतचं. सासर नगर. म्हणजे आता अहिल्यानगर. कागदावर नवं नाव लिहिते, जिभेचं जुनं सुटत नाही. तुमचं मांडवा बीड जिल्ह्यात. पण आष्टीच्या माणसाचा दवाखाना नगर, लग्नाचा बस्ता नगर, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू आष्टीहून सुरू झालेली रेल्वेसुद्धा नगरलाच येते. तेव्हा आम्ही तुम्हाला ‘आमचा’ म्हणतो, यावर बीडकरांनी रागावू नये.

पत्राचं कारण सांगते. पहाटे साडेपाचला मी घराबाहेर पडते. कधी वाडिया पार्कचं ग्राउंड, कधी किल्ल्याची बाजू, जिकडं कुत्री कमी तिकडं. तिथं दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक, भरतीची पोरं-पोरी. कुणाच्या पायात झिजलेले बूट, कुणी अनवाणी. पोरांच्या तोंडी एकच आकडा, सोळाशे. सोळाशे मीटर किती मिनिटांत मारले यावर त्यांचं पोलिसात नाहीतर सैन्यात जाणं ठरतं. ही पोरं तुमच्याविषयी बोलतात तेव्हा सेकंदांत बोलतात. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटं ११.२० सेकंद, आणि सोनं हुकलं ते पाच शतांश सेकंदानं, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तुम्ही ते सोनं आणलंत तेव्हा त्यांनी ग्राउंडवर पेढे वाटले होते. मलाही मिळाला. मी खाल्ला.

दुसरी तऱ्हा आमची. चाळिशी-पन्नाशी गाठलेली, पोट पुढं आणि पाय मागं अशी मंडळी. आम्ही तुमच्याविषयी बोलतो तेव्हा किलोंत बोलतो. “साबळेनं तीन महिन्यांत वीस किलो उतरवलं. नुसतं पळून. मग आपल्याला पाच-दहा जड आहे का?” हे वाक्य मी या दोन वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते म्हणणारा माणूस किती दिवस टिकेल हे मला चेहऱ्यावरून सांगता येतं. आमच्या कॉलनीतले एक बँकेतले गृहस्थ याच वाक्यावर पळायला लागले. पहिल्याच दिवशी भरतीच्या पोरांमागं तीन राउंड मारले, चौथ्याला बाकावर आडवे. एकविसाव्या दिवशी काट्यावर उभे राहिले, तर अर्धा किलो जास्तच. गुडघा सुजलेला तो वेगळा. त्यांचे नवे कोरे बूट आता त्यांचा मुलगा क्लासला घालून जातो.

चूक एकट्या त्या गृहस्थांची नाही. थोडी तुमच्या गोष्टीचीही आहे. म्हणजे तुमची नव्हे, ती गोष्ट जशी अर्धी सांगितली जाते तिची.

छापून आलेली पुरी गोष्ट मला कळते ती अशी. शेतकऱ्याचं घर. शाळा सहा किलोमीटर लांब आणि जायला वाहन नाही, म्हणून पोरगा चालत नाहीतर पळत जायचा. बारावीनंतर ५ महार रेजिमेंट. सियाचीनचा बर्फ, राजस्थानची वाळू, मग सिक्कीम. २०१५ साली लष्करातल्या क्रॉस-कंट्रीकडं वळलात. मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तीन महिन्यांत वीसेक किलो उतरवून तुम्ही पुन्हा उभे राहिलात. २०१८ मध्ये गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडलात. पुढं तो तुम्ही स्वतःचाच इतक्या वेळा मोडलात की आम्ही मोजायचं सोडून दिलं.

आता मी गणिताची बाई. हिशेब दिसला की मांडल्याशिवाय राहवत नाही.

ठोकताळा असा आहे की एक किलो शरीर एक किलोमीटर पळवायला साधारण एक किलोकॅलरी लागते. वेगाचा फारसा संबंध नाही. हळू पळालं तर वेळ जास्त लागतो इतकंच. आणि एक किलो चरबीत भरलेल्या असतात सुमारे ७,७०० किलोकॅलरी. मी पळायला लागले तेव्हा माझं वजन ७८ किलो होतं. म्हणजे एक किलो चरबी जाळायची तर मला जवळजवळ शंभर किलोमीटर पळावं लागणार. नगरहून मनमाड रस्त्यानं निघायचं, राहुरी मागं टाकायची, शिर्डीला बाहेरूनच हात जोडायचे आणि कोपरगावात पोचायचं, तेव्हा एक किलो. (त्या रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था बघता ते तुमचंच काम आहे. तुमच्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याचे सात खड्डे असतात. आमच्याकडं मोजत नाहीत.)

हाच हिशेब तुम्हाला लावून बघितला. तुमचं वजन सरासरी पंचाहत्तर धरलं आणि वीसच्या वीस किलो चरबीच होती असं मानलं, तर नव्वद दिवस रोज तेवीस किलोमीटर पळायला हवं. एकही सुट्टी नाही आणि भूक लागली तरी आधीपेक्षा एक घासही जास्त नाही. तुम्ही फौजी, तुम्ही तेवढं पळालाही असाल. पण इतकं पळणाऱ्या माणसाची भूक मला ठाऊक आहे. लग्नातल्या वाढप्यांना विचारा. ताटावर कुणीतरी बारीक लक्ष ठेवल्याशिवाय वीस किलो गेले असतील, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या तीन महिन्यांत तुम्ही काय पळालात हे सगळे सांगतात. काय खाल्लंत आणि काय सोडलंत, हे कुणी सांगत नाही.

माझं सांगते. पहिले चार महिने मी आठवड्याचे पाच दिवस तीन-तीन किलोमीटर पळाले. साधारण अडीचशे किलोमीटर झाले. हिशेबानं अडीच किलो जायला हवे होते. गेला एक. उरलेला दीड कुठं गेला ते शोधायला मला डिटेक्टिव्ह लागला नाही. पळून आल्यावर मी पोह्यांची बशी भरून घ्यायचे, वर शेव जास्त, कारण ‘आज पळालेय’. ग्राउंडच्या बाहेर हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसतं. साडेसहा वाजले की घामेजलेली मंडळी चहाच्या टपरीवर. एक कटिंग, एक वडापाव. वडापाव म्हणजे अडीचशे-तीनशे किलोकॅलरी. पळून जे कमावलं ते फाटकाबाहेर मोजून परत.

आणि चहातली साखर. हे मी नगर जिल्ह्यात बसून लिहितेय याची मला जाणीव आहे. प्रवरेच्या काठी लोणीला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. मागोमाग जिल्ह्यात इतक्या चिमण्या उभ्या राहिल्या की आमच्या पोरांना भूगोल शिकवताना तालुका सांगितला की ती कारखाना सांगतात. आमचे रस्ते, कॉलेजं, दवाखाने त्या साखरेतून आले. माझा पगारसुद्धा फिरून फिरून त्यातूनच येत असेल. साखरेविरुद्ध बोलणं इथं खाल्ल्या घराचे वासे मोजण्यासारखं आहे. तरी आकडा सांगते. एका कपात दोन चमचे, दिवसाला चार कप, चाळीस ग्रॅम. एका ग्रॅमला चार किलोकॅलरी. एकशे साठ. माझ्या वजनाला हे दोन किलोमीटर झाले. म्हणजे चहा बिनसाखरेचा केला की मी घरात बसल्या जागी रोज दोन किलोमीटर पळाले.

मी तसं केलं. पहिले पंधरा दिवस शाळेतल्या स्टाफरूममध्ये माझ्याकडं दुखवट्याला आल्यासारखे बघायचे. तसे आमच्याकडं आहाराचे प्रयोग नवे नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दोनदाच जेवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला’ हे सांगणं निम्म्या स्टाफनं करून बघितलं. त्यातल्या जेवणाच्या अर्ध्या भागावर कडाक्याचे वाद झाले. चालण्याच्या अर्ध्या भागावर कुणी वाद घातला नाही, कारण तो कुणी केलाच नाही.

पुढच्या वर्षभरात माझे आणखी सहा किलो उतरले. आज ७१ आहे. त्यातलं पळण्याचं किती आणि पोह्यांच्या बशीचं किती, हे विभागून दाखवता येणार नाही. पण पहिल्या चार महिन्यांचा एक किलो आणि नंतरचे सहा, यावरून कुणीही अंदाज बांधावा.

तुमच्यासारख्याला हे सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, वाचणारे इतरही आहेत. शरीर हे रोकडवहीसारखं साधं चालत नाही. हर्मन पॉन्टझर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं टांझानियातल्या हाडझा लोकांचा अभ्यास करून तो २०१२ मध्ये मांडला. ही माणसं अजून शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, दिवसभर पायाला भिंगरी. पण शरीराचं आकारमान लक्षात घेऊन बघितलं, तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडं काटकसर करतं, असा पॉन्टझरचा निष्कर्ष. सगळ्या शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही. मला मात्र तो वाचताना गाळपाच्या हंगामातली पहाट आठवली. पळायला निघाले की रस्त्याला उसाच्या गाड्या लागतात, मोळ्यांवर झोपलेली पोरं असतात. पाथर्डी, आष्टी, पाटोदा. आपल्याच भागातली माणसं. कोयत्यावरची बाई बारीक असते. ती ‘व्यायाम करते’ म्हणून बारीक आहे, असं एका बाईंनी माझ्यासमोर म्हटलं तेव्हा मला काय बोलावं सुचेना. ती बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते आणि मग दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहते. तिच्या ताटात काय आहे ते आधी बघावं. तिच्या बाजूनं रंगीत बूट घालून चरबी जाळायला पळताना माझी मान अजूनही खाली जाते. पळणं थांबवत नाही. मान जाते इतकंच.

हा भाग असाच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केलं. या बायका घरोघर जाऊन पोरांची वजनं घ्यायच्या. काटा तेव्हा कोण वाळतंय हे बघायला होता. मग ७२ चा दुष्काळ आला. माझी आई खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी. मी ७३ ची. म्हणजे त्या दुष्काळात मी तिच्या पोटात होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मी वाचलं तेव्हा हे पुन्हा आठवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वरून बारीक, आतून जाड, असं आपल्याकडचं शरीर. याची सुरुवात आईच्या पोटातल्या उपाशीपणातून होते, असं त्यांचं अनेक वर्षांचं म्हणणं आहे. माझं पोट दुष्काळानं केलं की पोह्यांनी, हे मला ठरवता येणार नाही. दोघांवर निम्मं निम्मं टाकते. पण एक नक्की, आपल्याला काटा पुरत नाही. टेप लागते. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ऐंशीच्या वर गेली की काळजीचं समजावं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या दर दहा प्रौढांतल्या जवळपास चौघांच्या पोटावर अशी चरबी आढळली.

आणि इथं पळण्याची बाजू घ्यायलाच हवी, नाहीतर बँकवाल्या गृहस्थांना मी बूट मुलाला देऊन बरं केलंत म्हटल्यासारखं होईल. पळण्यानं काटा हलला नाही तरी पोटातली, आतड्याभोवतीची चरबी कमी होऊ शकते. रक्तातली साखर उतरते, रक्तदाब उतरतो, झोप लागते. माझी कंबर ९६ होती, आता ८६. पहिले सहा सेंटिमीटर त्या पहिल्या चार महिन्यांतच गेले, काटा एकच किलो दाखवत होता तेव्हा. साडीच्या निऱ्या जास्त पडायला लागल्या म्हणून मला कळलं. अमेरिकेत वजन उतरवून ते उतरलेलंच ठेवणाऱ्या माणसांची एक नोंदवही १९९४ पासून ठेवतात. त्यातली बहुतेक माणसं आहार बदलून उतरली, पण टिकली ती रोज तासभर हालचाल करत राहिल्यानं. सर्वांत जास्त जण चालतात. म्हणजे त्या गृहस्थांना पळणं ज्या कामाला हवं होतं त्यापेक्षा ते वेगळ्याच कामाला जास्त उपयोगी आहे, आणि ते काम तीन महिन्यांत दिसत नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर ‘पळून गुडघे जातात’ हे नगरमध्ये कुणीही सांगेल, विशेषतः जो कधी पळाला नाही तो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक निबंध प्रसिद्ध झाला. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ टक्के. (ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात, असाही याचा अर्थ काढता येईल. गणिताच्या बाईनं ते सांगायलाच हवं.) तुम्ही त्या शेवटच्या आकड्यातले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तुम्ही पडलात आणि गुडघा दुखावला, तेव्हा आमच्या ग्राउंडवर दोन दिवस तोच विषय होता. भरतीच्या पोरांना तुमच्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेची काळजी, आणि आमच्यातल्या एकाचं म्हणणं, “आता घरी बसून याचं वजन पुन्हा वाढतंय बघा.” मी त्याच्याकडं बघितलं, तर तो वडापाव खात होता.

अजून एका पळणाऱ्याची गोष्ट कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवी, असं मला वाटतं. जिम फिक्स. पस्तिशीत पळायला लागला तेव्हा वजन जवळजवळ शंभर किलो. सत्तावीसेक किलो उतरवले, सिगारेट सोडली, १९७७ मध्ये धावण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यानं अर्धी अमेरिका रस्त्यावर आणली. १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, पळतानाच हृदयविकारानं गेला. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानंच गेले होते. पळणं वाईट असा याचा अर्थ लोक काढतात, तो चूक आहे. पण ज्याच्या घरात असा इतिहास आहे, ज्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, ज्याच्या छातीत चढावर कळ येते, त्यानं वाडिया पार्कच्या आधी डॉक्टरकडं जावं. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी पळणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. आमच्यातल्या एका काकांना मी स्वतः बाकावर बसवून गूळ खायला घातलाय. साखरेचा उपयोग होतो कधीकधी.

बायकांचं वेगळंच. तुम्ही ‘धावपटू’, पण आमच्याकडं कुणी धावत नाही, पळतात. आणि बाई पळाली म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दिवशी मी घरात म्हटलं, “उद्यापासून मी पळायला जाणार.” सासूबाई म्हणाल्या, “हळू बोल, शेजारी ऐकतील.” दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, “बाई, दवाखान्यात कुणी आहे का? सोडू का?” पंजाबी ड्रेस, ओढणीला गाठ, पायात लेकाचे जुने बूट. तेव्हा मला मिनिटभरही पळता येत नव्हतं. मग विजेचे खांब मोजायला लागले. दोन खांब पळायचं, चार खांब चालायचं. पुढं वाचलं की जेफ गॅलोवे नावाच्या ऑलिंपिक धावपटूनं हीच पळ-चाल पद्धत १९७० च्या दशकापासून नवख्यांना शिकवली. मला वाटत होतं महावितरणची कृपा. सहा महिन्यांनी खांब मोजायचं विसरले आणि किल्ल्याला न थांबता एक वळसा झाला. तटाचा घेर सुमारे १.७ किलोमीटर, म्हणजे भरतीच्या सोळाशेपेक्षा जरा जास्तच. वेळ सांगत नाही. इतकंच सांगते की तुमची तीन किलोमीटरची शर्यत अडथळ्यांसकट संपते तेवढ्या वेळात मी त्या किल्ल्याला अर्धा वळसा घालते. आता आम्ही सात बायका आहोत. बोलत पळतो. बोलता आलं नाही तर वेग जास्त झाला, हे आमचं घड्याळ.

आमच्याकडं वेग कमी करायला मात्र कुणी शिकवत नाही. नेत्याचा वाढदिवस आला की ‘मॅरेथॉन’ होते, पाच किलोमीटरची. खरी ४२.१९५ असते, पण बॅनरवर जागा कमी पडत असावी. टी-शर्टवर फोटो, सुरुवातीला फटाके. पहिले तीन भरतीचे. त्यांना बक्षीस देऊन पाहुणे निघून जातात, आणि आम्ही पोचतो तेव्हा मांडवाचे बांबू काढत असतात. तिथं पहिल्यांदा आलेली जाडी बाई दुसऱ्यांदा येत नाही.

म्हणून दोन मागण्या.

पहिली. तुम्ही नगरला किंवा आष्टीला सत्काराला आलात की लोक हमखास ते वीस किलो विचारणार. तेव्हा गोष्ट पूर्ण सांगा. तुम्ही बारीक दिसायला पळत नव्हता. पुन्हा शर्यतीत उतरायचं होतं आणि त्यासाठी अंगावरचं ओझं उतरवायचं होतं. शर्यत आधी होती, किलो मागून आले. मागं प्रशिक्षक होता, फौजेची शिस्त होती, मेसचं ताट होतं, आणि तुमचं वय विशीच्या आसपास होतं. बावन्नाव्या वर्षी, दोन वेळचा स्वयंपाक आणि चाळीस पोरांचा वर्ग सांभाळून, तीन महिन्यांत वीस किलो होत नाहीत आणि होऊही नयेत. तुम्ही हे बोललात तर ऐकतील. मी दोन वर्षं बोलतेय, मला म्हणतात, “बाई, तुम्ही काय साबळे आहात का?”

दुसरी मागणी. गुडघा पूर्ण बरा झाल्यावर एखाद्या पहाटे ग्राउंडवर या, हार-तुरे नकोत. भरतीच्या पोरांबरोबर पुढं पळू नका. त्यांना तुम्ही रोज मोबाइलवर दिसता. सगळ्यांत मागं पळा, आमच्याबरोबर, दोन खांब पळायचं, चार खांब चालायचं. तुम्हाला ते अवघड जाईल, कारण इतकं हळू पळायची तुमच्या पायांना सवय नसेल. आम्ही सांभाळून घेऊ. देशातला सगळ्यांत वेगवान स्टीपलचेसवाला शेवटून पहिला आलेला एकदा नगरनं बघितला, की ती मांडवाचे बांबू मोजून घरी गेलेली बाई कदाचित परत येईल.

पळून झालं की टपरीवर चहा माझ्याकडून. तेव्हा एक मला खरं खरं सांगा, म्हणजे कित्येक दिवसांचा स्टाफरूममधला वाद मिटेल: त्या तीन महिन्यांत अमरीश सरांनी तुमच्या चहात साखर पडू दिली होती का?

आपली,
नगरची एक बाई, इयत्ता सातवी, गणित